नवा कॅमेरा आणि परदेशचा प्रवास

१९११ साली अंटार्क्टिकातील केप इव्हान्स येथे एका लाकडी घरात काही प्रौढ माणसे छायाचित्रणाचे प्राथमिक धडे गिरवीत होती. शिकविणारा होता हर्बर्ट पाँटिंग. तो त्या काळचा नावाजलेला व्यावसायिक छायाचित्रकार होता. त्याच्या विद्यार्थ्यांत मोहिमेचा प्रमुख कॅप्टन रॉबर्ट फाल्कन स्कॉट होता आणि पूर्वी रॉयल इंडियन मरीनमध्ये नोकरी केलेला लेफ्टनंट हेन्री बॉवर्सही होता. पाँटिंग स्वतः दक्षिण ध्रुवापर्यंत जाणार नव्हता. त्याचे जड कॅमेरे आणि काचेच्या पट्ट्या स्लेजवर लादून तेवढे अंतर ओढून नेणे शक्य नव्हते. म्हणून जे जाणार होते त्यांनाच ही विद्या शिकणे भाग पडले. १ नोव्हेंबर १९११ रोजी स्कॉट केप इव्हान्सहून निघाला तेव्हा तो छायाचित्रणात नवशिकाच होता. परंतु ज्या यंत्राने छायाचित्रे घ्यावयाची ते यंत्र त्याने तोवर अनेकदा हाताळले होते.

पुढे जे घडले ते सर्वज्ञात आहे. जानेवारी १९१२ मध्ये ध्रुवावर पोहोचलेल्या पाचजणांचे छायाचित्र बॉवर्सने शटरला बांधलेली दोरी ओढून घेतले. परतीच्या वाटेवर पाचहीजण मृत्युमुखी पडले. त्यानंतर कित्येक महिन्यांनी, नोव्हेंबर १९१२ मध्ये, शोधपथकाला त्यांचा तंबू सापडला. तेथे मिळालेली फिल्म धुतली गेली आणि त्यातून ती पाच थकलेली, निराश मुद्रांची माणसे जगापुढे आली. एवढ्या प्रचंड थंडीत, हात बधिर झालेले असताना, एका शिकाऊ माणसाने घेतलेले ते छायाचित्र नीट आले आहे. याचे श्रेय त्या हिवाळ्यातील सरावाला द्यावयास हरकत नाही.

आज परदेशी निघणाऱ्या सामान्य प्रवाशावर असा प्रसंग येत नाही. तरीही त्याची अडचण जातीने तीच असते. प्रवासाची तारीख ठरते, तिकिटे येतात, आणि निघण्यापूर्वी दोन-चार दिवस कॅमेऱ्याची खरेदी होते. खोके तसेच बॅगेत जाते. मुलीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच समुद्रापार जाणारे आईवडील असोत की शिक्षणासाठी निघालेला विद्यार्थी, पुन्हा तो प्रवास घडेलच याची शाश्वती नसते. कॅमेऱ्याची ओळख तेथेच, त्या न परतणाऱ्या दिवसांच्या मोलाने करून घेणे हा महागडा सौदा होय. नवा कॅमेरा प्रवासापूर्वी निदान तीन आठवडे घरात असावा. तेवढ्या अवधीत त्याच्यात काही दोष असेल तर तो दुकानातून बदलून घेता येतो, आणि त्याच्या मालकाचे दोषही बरेचसे उघडकीस येतात.

पहिला दोष बहुधा डोळ्यांचाच निघतो. दर्शकातून पाहणाऱ्या चाळिशीपुढील अनेकांना सारे अंधुक दिसते आणि भिंग सदोष आहे अशी तक्रार घेऊन ते दुकान गाठतात. वास्तविक दर्शकाच्या कडेला एक बारीक चाक असते. चष्म्याच्या नंबराप्रमाणे दर्शक जुळवून घेण्यासाठी ते दिलेले असते. दर्शकात दिसणारे आकडे ठसठशीत होईपर्यंत ते फिरवावे. या चाकाचा घेतल्या जाणाऱ्या चित्राशी काहीही संबंध नसतो. पाहणाऱ्याच्या सोयीपुरतेच ते आहे.

त्यानंतर घड्याळ. कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर तारीख व वेळ नोंदवून ठेवतो, आणि महिनाभराच्या प्रवासानंतर हजारभर चित्रे लावावयास बसले असता हीच नोंद कामी येते. भारतीय वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. पॅरिस उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. बहुतेक कॅमेऱ्यांत घरची वेळ आणि प्रवासातील वेळ अशा दोन नोंदी ठेवण्याची सोय असते. ती घरीच करून पाहावी. पतीच्या कॅमेऱ्यात भारतीय वेळ आणि पत्नीच्या फोनमध्ये तेथील वेळ असली की सूर्योदय दुपारच्या जेवणानंतर झाल्याचे आढळून येते.

आता मुख्य विषय, म्हणजे प्रकाशाचा. कॅमेऱ्यात प्रकाशाचे माप तीन गोष्टींनी ठरते. भिंगातील छिद्र किती उघडे आहे, हे एक. या छिद्राला ॲपर्चर म्हणतात. शटर किती वेळ उघडे राहते, हे दुसरे. आत बसविलेला प्रकाशसंवेदक किती तीव्रतेने प्रकाश टिपतो, हे तिसरे. त्याचा आकडा आयएसओ या नावाने दिलेला असतो. विहिरीवर घागर भरावयाची असेल तर मोट मोठी असावी किंवा खेपा अधिक व्हाव्यात, तसेच काहीसे छिद्र आणि शटर यांचे नाते आहे. एक वाढविले की दुसरे कमी करता येते. आयएसओ वाढविला तर कमी प्रकाशातही चित्र मिळते, मात्र त्यात वाळूसारखे कण दिसू लागतात. जुने छायाचित्रकार प्रकाशमापकावाचून एक आडाखा वापरीत: स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ वर ठेवावे आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १०० असल्यास साधारण सेकंदाचा शंभरावा भाग, असा ठेवावा. हा आडाखा आजही खरा ठरतो. नवशिक्याने तो एखाद्या दुपारी गच्चीवर अवश्य ताडून पाहावा. मापक काय सांगतो आणि का सांगतो याची समज त्यातून येते.

स्वयंचलित योजनेवर ठेवलेला कॅमेरा हा सारा हिशेब स्वतःच करतो आणि बहुतेक वेळा बरोबर करतो. तो कोठे चुकतो एवढे जाणून घेणे हेच तयारीचे मर्म आहे. त्याचा मापक असे गृहीत धरतो की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे. भारतातील रस्ते, झाडे, माणसे यांच्या बाबतीत हे गृहीत चालून जाते. परंतु आल्प्स पर्वताच्या बर्फापुढे उभ्या राहिलेल्या कुटुंबाचे चित्र घेताना मापक त्या शुभ्र विस्तारालाही राखाडी ठरवितो, प्रकाश कमी करतो, आणि घरी आल्यावर बर्फ राखेसारखे व चेहरे काळवंडलेले दिसतात. यावर उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक आणि उणे अशा खुणा असलेली एक कळ किंवा चाक असते. बर्फात ते अधिक १ ते अधिक २ या दरम्यान ठेवावे. बर्फ पाहावयास येथे हिमालयात जावे लागेल, पण सराव मात्र पांढऱ्या चादरीवरही होतो. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीपुढे घरातील एखाद्या व्यक्तीला उभे करून, एकदा दुरुस्तीशिवाय आणि एकदा दुरुस्तीसह, अशी दोन चित्रे घेतली की बर्फाचा धडा पुरा होतो.

दुसरी नवलाई संध्याकाळची. चेन्नईला सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत दिवे लावावे लागतात. जूनमध्ये लंडनला सूर्यास्तच रात्री नऊ वाजून गेल्यावर होतो आणि त्यानंतरचा संधिप्रकाश पाऊण तासाच्या आसपास टिकतो. जो जो उत्तरेकडे जावे तो तो हा काळ लांबत जातो. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे तर मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. आकाशात निळाई आणि घरांत दिवे, असा जो सुंदर काळ आपल्याकडे डोळ्यांदेखत निसटून जातो, तो तेथे निवांतपणे हाती लागतो. परंतु प्रकाश कमी म्हणजे शटर अधिक वेळ उघडे, आणि हात हलला की चित्र फिसकटले. भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून मंद शटर हातात धरून चालवू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. अलीकडच्या अनेक कॅमेऱ्यांत हाताचा कंप सावरणारी यंत्रणा असते, तरी आपला हात कोठवर स्थिर राहतो हे ज्याचे त्याने घरी पाहून ठेवावे. भिंतीला टेकून, कोपर छातीशी धरून, श्वास रोखून. देवघरातील समईच्या उजेडात हा सराव उत्तम होतो.

विजेच्या दिव्यांचा एक चमत्कार प्रवाशाला कोड्यात टाकतो. भारतात विजेच्या प्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्यांना हे जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. शटर वेगवान असेल तर एक चित्र उजळ, दुसरे काळोखे, तर तिसऱ्यात आडवे पट्टे असा प्रकार होतो. युरोपातही ५० हर्ट्‌झच असल्यामुळे सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग हे वेग दोन्हीकडे निर्धोक ठरतात. अमेरिकेत ६० हर्ट्‌झ असल्याने तेथे साठावा भाग धरावा. जपानची गोष्ट त्याहून गमतीची आहे: टोकियो ५० हर्ट्‌झवर आणि ओसाका ६० वर, असे एकाच देशाचे दोन भाग पडले आहेत. चलच्चित्रे घेणाऱ्याने तर याची विशेष दखल घ्यावी, कारण सेकंदाला २५ चित्रे की ३० ही कॅमेऱ्यातील निवड याच वारंवारतेशी बांधलेली आहे.

विजेचा विषय निघालाच आहे तर चार्जरकडेही पाहिले पाहिजे. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तर तो जगात जवळपास कोठेही चालतो. जपानचे १०० व्होल्ट, अमेरिकेचे १२० आणि युरोपचे २३० त्याला सारखेच. अडते ते भिंतीतील सॉकेटपाशी. ब्रिटनमध्ये तीन चपट्या आयताकृती पिना लागतात, युरोपच्या बहुतेक देशांत दोन गोल, अमेरिका व जपानमध्ये दोन चपट्या. आपली तीन गोल पिनांची जाड गुडदी यांपैकी कोठेही बसत नाही. पन्नास-शंभर रुपयांच्या जोडणीवाचून कॅमेरा बंद पडल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

बॅटरी एकाऐवजी दोन घ्याव्यात. लिथियम-आयन बॅटरी थंडीत लवकर मान टाकते. ती खरोखर संपलेली नसते, ऊब मिळाली की पुन्हा काही काळ चालते. म्हणून सुटी बॅटरी कोटाच्या आतील खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचलेल्या एडमंड हिलरीने आपला कोडॅक रेटिना कॅमेरा असाच कपड्यांच्या आत, अंगालगत जपला होता. तेनसिंगचे जगप्रसिद्ध छायाचित्र त्याच कॅमेऱ्याने घेतले गेले. हिलरीचे स्वतःचे शिखरावरील चित्र मात्र नाही. विमानात सुटी बॅटरी हातातील सामानातच ठेवावी लागते. मालखान्यात जाणाऱ्या बॅगेत ती ठेवण्यास मनाई आहे, कारण तिने पेट घेतला तर तेथे विझविणारे कोणी नसते. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीस सर्वसाधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. ७.२ व्होल्टची, १,२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ८.६४ वॅट-तासांची भरते, म्हणजे चिंतेचे कारण नाही. तिची धातूची टोके मात्र टोपणाने किंवा चिकटपट्टीने झाकावीत, नाण्यांबरोबर एका खिशात तिला टाकू नये.

पाँटिंगच्या धड्यांतील थंडीविषयीचा भाग आजही जसाच्या तसा उपयोगी पडतो. एकदा ओठ ओले करताना त्याच्या जिभेचे टोक कॅमेऱ्याच्या धातूला लागले आणि तत्क्षणी गोठून चिकटले. ते सोडविताना कातडी निघून आली. इतक्या टोकाची थंडी प्रवाशाच्या वाट्याला येत नसली, तरी भिंगावर श्वास सोडू नये हा नियम युरोपच्या जानेवारीतही पाळावा. त्याहून नित्याचा शत्रू म्हणजे दव. बाहेरच्या थंडीतून कॅमेरा एकदम उबदार खोलीत आणला की हवेतील बाष्प त्याच्यावर, आणि वाईट म्हणजे त्याच्या आतही, थेंबांच्या रूपाने साचते. खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि तो खोलीइतका उबदार होईपर्यंत, तास-दोन तास, पिशवी उघडू नये. दव मग पिशवीवर जमते. सिंगापूर किंवा बँकॉक येथे हेच उलट बाजूने घडते: गारठविलेल्या हॉटेलातून बाहेरच्या दमट उकाड्यात पाऊल टाकताच भिंग आंधळे होते. पुसण्याची घाई न करता थोडा वेळ थांबावे. कोकणात, केरळात किंवा बंगालमध्ये राहणाऱ्यांना दमटपणाने भिंगावर चढणारी बुरशी परिचित असते. त्यांना सिलिका जेलच्या पुड्यांचे महत्त्व सांगावयास नकोच.

स्मृतिकार्डाविषयी थोडक्यात. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डे बरी, कारण हरवते किंवा बिघडते ते एकच. नवे कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे, संगणकावर नव्हे. विमानतळावरील क्ष-किरणांनी कार्डाला इजा होत नाही. फिल्मचा कॅमेरा हौसेने नेणाऱ्यांची, आणि असे हौशी अलीकडे पुन्हा दिसू लागले आहेत, स्थिती निराळी आहे. विमानतळांवर आता बसविण्यात येत असलेली सीटी पद्धतीची यंत्रे न धुतलेल्या फिल्मवर धूसर छटा उमटवितात. फिल्म पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवून ती हाताने तपासण्याची नम्र विनंती करावी. ती मान्य होईलच असे नाही.

दुसऱ्या कॅमेऱ्याचा प्रश्न अनेकांना चैनीचा वाटतो. तो तसा नाही. दक्षिण ध्रुवावर स्कॉटच्या आधी, डिसेंबर १९११ मध्ये, पोहोचलेल्या रोआल आमुंडसेनचा कॅमेरा बिघडला होता. त्या विजयाची जी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत ती त्याचा सहकारी ओलाव ब्यालँड याच्या साध्या, खाजगी कॅमेऱ्याने घेतलेली आहेत. ब्यालँड हा स्की तयार करणारा कारागीर होता, छायाचित्रकार नव्हे. आजच्या प्रवाशाच्या खिशातील फोन हाच त्याचा दुसरा कॅमेरा होय. फक्त तो भरलेला आणि रिकामा, म्हणजे विजेने भरलेला आणि जुन्या चित्रांपासून रिकामा, असा असावा.

कागदपत्रांची बाब रूक्ष खरी, पण ती टाळल्यास फटका थेट खिशाला बसतो. मौल्यवान कॅमेरा बरोबर घेऊन परदेशी जाणाऱ्याने निघताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून त्याची नोंद करून निर्यात प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. परतताना तो कॅमेरा तेथे विकत घेतलेला नाही, येथूनच नेलेला आहे, हे त्यामुळे सिद्ध होते. अधिकाऱ्यास वस्तू व तिचा अनुक्रमांक पाहावा लागतो, म्हणून कॅमेरा मोठ्या बॅगेत घालून ती आधीच विमान कंपनीच्या स्वाधीन करू नये. खरेदीची पावती जवळ असावी आणि तिची एक प्रत घरीही असावी. चोरी झाल्यास पोलीस आणि विमा कंपनी दोघेही प्रथम अनुक्रमांकच विचारतात.

कोठे छायाचित्र घेऊ नये याचीही माहिती प्रवासापूर्वीच करून घ्यावी. लष्करी ठाणी आणि सीमेवरील तपासणीची जागा बहुतेक देशांत वर्ज्य असते. अनेक संग्रहालयांत कॅमेरा चालतो पण फ्लॅश आणि तिपाई चालत नाही. तेव्हा फ्लॅश बंद करण्याची कळ कोठे आहे हे ठाऊक असणे शिष्टाचाराचाच भाग ठरते. पॅरिसचा आयफेल मनोरा दिवसा हवा तसा टिपावा. त्याच्या रात्रीच्या रोषणाईला मात्र स्वामित्वहक्काचे संरक्षण आहे. घरगुती चित्रांना त्याने बाध येत नाही, पण धंद्यासाठी चित्र वापरावयाचे तर परवानगी लागते. अनोळखी माणसांच्या बाबतीत, विशेषतः मुलांच्या, आधी विचारावे. भाषा येत नसली तरी कॅमेरा किंचित उचलून भुवयांनी विचारलेला प्रश्न सर्वत्र कळतो. नकारही कळतो.

निघण्यापूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात एक पूर्ण दिवस आपल्याच गावी प्रवासी होऊन हिंडावे. सकाळपासून रात्रीपर्यंत, तोच कॅमेरा, तीच पिशवी, तेच बूट. मंडई, नदीचा घाट, देवळाचा अंधारा गाभाऱ्यापर्यंतचा मंडप जेथे चालत असेल तेथे, आणि रात्री दुकानांची झगमग. थंड देशात जावयाचे असेल तर हातमोजे चढवून, डोळे मिटून, प्रत्येक कळ बोटांनी शोधून पाहावी. संध्याकाळी पट्ट्याने मान किती दुखते, बॅटरी किती चित्रांनी संपते, कार्ड किती भरते, याचे आकडे कागदावर लिहून ठेवावेत. चोवीस दशलक्ष बिंदूंच्या कॅमेऱ्यात कच्च्या स्वरूपातील एक चित्र साधारण पंचवीस-तीस मेगाबाइट जागा घेते. तेव्हा एका दिवसाच्या आकड्याला प्रवासाच्या दिवसांनी गुणले की किती कार्डे लागतील हे आपोआप कळते. त्याच रात्री ती चित्रे मोठ्या पडद्यावर पाहावीत. फसलेल्यांतील बहुतेक चित्रांचे कारण एकच निघते: आदल्या रात्री अंधारासाठी वाढविलेला आयएसओ सकाळी उन्हातही तसाच राहिलेला असतो.

म्हणून झोपण्यापूर्वीचा एक क्रम अंगवळणी पाडावा आणि तो परदेशातही मोडू नये. आयएसओ आणि अधिक-उणे यांचे चाक मूळ जागी आणणे, भिंगाचा पुढचा भाग मऊ कापडाने हलकेच पुसणे, बॅटरी लावणे, दिवसाच्या चित्रांची दुसरी प्रत संगणकावर किंवा अन्यत्र करून ठेवणे. ही दुसरी प्रत आणि कार्ड एकाच पिशवीत ठेवू नये. घरी परतल्यावरही चित्रे दोन ठिकाणी सुखरूप पोहोचल्याची खात्री होईपर्यंत कार्ड पुसू नये, मग शेजारच्या लग्नासाठी कोणी कितीही घाईने तो कॅमेरा मागितला तरी.